रिकाम्या काट्यावरचं वजन

"मोबाईल खिशात घाला आधी. त्या उजेडात मला गोष्ट सांगायला जमत न्हाई," त्रिंबकबप्पा म्हणाले. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलेल्या पोरांनी एकेक करून उजेड विझवला. लाईट तर कधीचीच गेलेली. बप्पांनी तंबाखू मळली, दाढेला धरली आणि सुरू केलं.

हे आपल्या युवराजचं हाय बरं का. केजला बसस्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, तुमी बघितलंय. आता नुसतं शटर दिसतं. कावून बंद केलं म्हणून सारखं विचारता ना? मग ऐका. आणि मधी खिदळायचं न्हाई बे. निम्मं युवराजनं सांगितलेलं हाय आणि निम्मं बंकटनं. दोघंबी खोटं बोलणारे न्हाईत.

गेल्या साली, येळअमावस्येची रात्र. शुक्रवार होता. दिवसभर सगळी दुनिया रानात, भज्जी खाऊन आणि आंबील पिऊन पेंगलेली. आपल्या युसूफवडगावच्या अलीकडं विठ्ठलरावांचा धर्मकाटा हाय, ट्रक-ट्रॅक्टर मोजायचा. तिथला कॉम्प्युटर लई जुना. सिस्टम जुनी झाली, बदला, बदला, असं पडद्यावर रोज यायचं. विठ्ठलराव वैतागून म्हणले, टाक बाबा एकदाची नवी. युवराजनं दुपारी टाकून दिली आणि गेला दुकानाला. दिवस मावळायला बंकटचा फोन. बंकट म्हणजे काट्यावर रात्रपाळी करणारा माणूस. त्यानं गाऱ्हाणं लावलं की पावतीवर मराठीच्या जागी नुसते चौकोन यायलेत, प्रिंटर मुका झालाय, आणि काट्याची वायर कॉम्प्युटर ओळखतच न्हाई. पहाटे उसाचे ट्रॅक्टर रांगेला लागणार, तवा येऊन जा.

युवराजचा जीव घरी अडकलेला. त्याच्या लेकीला, तेजूला, त्याच दिवशी अडीच महिन्यांचा डोस दिलता आणि तिला ताप भरलता. लग्नाला सात वर्षं झाल्यावर झालेलं लेकरू ते. तिचं तोंड बघितल्याबिगर हा घास घ्यायचा न्हाई, आमी चेष्टा करायचो त्याची. बायकोनं, शिवकन्यानं, तापाचे थेंब आणायला सांगितलते. बाटली वरच्या खिशात घातली आणि त्यानं विचार केला, काटा रस्त्यातच हाय, तासाभराचं काम, करूनच जाऊ.

काम जमलं. मराठीचे फॉन्ट टाकले, चौकोन गेले. प्रिंटर बोलायला लागला. वायरीचा जुना ड्रायव्हर नव्या सिस्टमला चालंना, तर दुसरा शोधून उतरवून घेतला. तेवढ्यात नऊ वाजून गेले. पडद्यावर वजनाचा आकडा आला तसा युवराज उठला, आणि उठता उठता थांबला.

पंचेचाळीस किलो.

बाहेर काटा रिकामा होता.

बंकट म्हणला, राहू दे, ते असतंच. युवराजला पटंना. त्यानं जुन्या सिस्टमच्या फायली उघडल्या तर त्याच्याआधी दुरुस्तीला येणाऱ्या पोरानं एक सेटिंग करून ठेवलेलं. पन्नासच्या आतलं वजन असलं तर पडदा कोरा ठेवायचा. म्हणजे हे पंचेचाळीस आजचं नव्हतं. कुणीतरी मुद्दाम झाकलं होतं, आणि नवी सिस्टम टाकल्यावर ते झाकण उडालं. युवराजनं विचारलं, कावून झाकलं होतं? बंकट खिडकीतून बाहेर बघत बसला.

युवराज टॉर्च घेऊन काट्यावर गेला. मोटरसायकल तिथंच कडंला लावलेली. लोखंडी पाटाच्या फटी बघितल्या, खाली वाकून बघितलं. दगड न्हाई, चिखल न्हाई. पाटावर उभा राहिला. आतून बंकट ओरडला, एकशेदहा. ह्याचं वजन पासष्ट. म्हणजे वरचं पंचेचाळीस हाय तसंच.

तेवढ्यात फोन वाजला. शिवकन्याचा. लेकरू काखेत होतं म्हणून तिनं स्पीकर लावलता, ह्यानंबी लावला. अमावस्येचा अंधार, चिटपाखरू न्हाई, आणि त्या पाटाच्या मधोमध लेकराचं रडणं घुमायला लागलं.

"पाच किलो भरली आज," शिवकन्या म्हणली. "नर्सबाई म्हणल्या, लई छान अंग धरलंय. पण आता रडायची थांबंना हो. या ना लवकर."

"आलो. हे बघ, निघालोच," युवराज म्हणला.

त्याला उसाच्या ओल्या पाचटाचा वास आला. आणि दुधाचा. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या तोंडाला येतो ना, तसला. फोनला कान लावून कुणीतरी अगदी जवळ उभं हाय असं वाटलं. वळून बघितलं. कुणी न्हाई.

आता खरं तर तसंच निघायचं. पण युवराजचा हट्ट असा, अर्धवट काम टाकून उठायचं न्हाई. आत आला आणि कीबोर्डवरचं शून्य द्यायचं बटन दाबलं. तुमाला सांगतो ते काय असतं. शून्य दिलं की पाटावर जे काय उभं हाय ते काटा हिशोबातून काढून टाकतो. ते हाय तवर शून्य दिसणार. ते उतरलं, की वजा दिसणार.

बंकट हळूच म्हणला, "शून्य दिलंस?"

"मग? घोळ मिटला."

युवराजनं गाडीला किक मारली.

रस्ता रोजचाच. पण गाडी चढाला ओढंना. त्याला वाटलं, मागचं चाक बसलं असंल. हवा बघितली, ठीक होती. परत निघाला. मग त्याच्या ध्यानात आलं... हेडलाईटचा उजेड रस्त्यावर पडतच न्हाई. वर पडायलाय. बाभळीच्या शेंड्यांवर. डबलसीट असल्यावर पडतो तसा.

त्यानं मागं बघितलं न्हाई.

खिशात फोन थरथरत होता. त्यानं उचलला न्हाई. दुधाचा वास... आता मानेजवळ.

घर आलं. गाडी लावली. स्टँडवर घेताना ती एकदम हलकी झाली. दार उघडंच होतं. आणि लेकराचं रडणं थांबलेलं. दुपारपासून पहिल्यांदाच थांबलेलं.

शिवकन्या भिंतीला टेकून झोपलती. दमलेली. दोन्ही हात तिच्या मांडीत. आणि झोळी... झोळी हलत होती. सावकाश. कुणीतरी दोरी धरल्यासारखी.

युवराजनं झेप घेऊन लेकरू उचललं. जागं होतं. त्याच्याकडं बघतच न्हाई. त्याच्या खांद्यामागं बघून हसत होतं. थेंब पाजले, अंगाला हात लावला. ताप उतरायला लागलता. तवा कुठं त्यानं फोन बघितला. बंकटचे पाच फोन येऊन गेलते. लावला.

"तू गेला त्या घडीपासनं काटा वजा दाखवायलाय," बंकट म्हणला. "वजा पंचेचाळीस."

मग बंकटनं सांगितलं. त्याच्या आदल्या हंगामात तलवाड्याकडली ऊसतोडीची टोळी काट्यावर थांबलती. त्यातल्या ताराबाईनं तिचं तान्हं लेकरू काट्याशेजारी पाचटावर झोपवलं आणि पाणी आणायला गेली. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली मागं घेतली. त्याला दिसलंच न्हाई... बाई आली ती पाटावर येऊन उभी राहिली. रडली न्हाई, बोलली न्हाई. रातभर उतरलीच न्हाई. टोळीवाल्यांनी उचलून नेली. अन्न सोडलं तिनं, आठ दिवसांत गेली. त्या दिवसापासनं रिकाम्या काट्यावर पंचेचाळीस.

"मला आधी कावून सांगितलं न्हाई?"

"ती कुणाला काई करत नव्हती रे. नुसती उभी असायची. पण तू तिथं... लेकराचं रडणं ऐकवलंस तिला. लेकराला खाली ठेवू नको. दिवस उगंस्तवर ठेवू नको."

युवराजनं शिवकन्याला उठवलं न्हाई. काय सांगणार तिला? दाराला कडी घातली. लेकरू मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि बसला. झोळी थांबलती. पण वास गेला न्हाई. माणूस भ्यायला होता, पोरांनो. तरी हात सोडले न्हाईत त्यानं. बारा वाजले. दोन वाजले. लेकराचा श्वास त्याच्या पोटाला लागत होता. चारला कोंबडा आरवला. लेकरू तसंच. ऊबदार. त्याला वाटलं, सरली रात्र.

डोळा लागला. किती वेळ, त्यालाबी सांगता येत न्हाई.

फोन वाजला.

बंकट होता. "युवराज, वजा गेलं बघ. आत्ताच गेलं."

"आला शून्यावर?"

पलीकडून नुसता खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बंकट... शून्यावर आला का?"

"न्हाई," बंकट म्हणला. "पाच."

युवराजचे हात तसेच होते, घट्ट. हातातलं लेकरू गार होतं.

डॉक्टरनं तापाचं कारण लिहिलं. लिहू दे. युवराजनं परत कॉम्प्युटरला हात लावला न्हाई. विठ्ठलरावांनी काटेवाल्या कंपनीची माणसं आणली, पाटाखालचं सगळं बदललं, वायरी बदलल्या, सिस्टमबी जुन्याच शून्यावर परत नवी टाकली. रिकामा काटा पाचच दाखवायचा. शून्याचं बटन बंकट कुणाला दाबू देत न्हाई. काट्याच्या खोलीत त्या बटनावर त्यानं चिकटपट्टी लावलीय, जावा, बघून या.

आणि युवराजनं सगळं सांगितल्यापासनं शिवकन्या दर पंधरवड्याला बंकटला फोन लावते. दुसरं काही बोलत न्हाई. बरं हाय का, पाऊस हाय का, काही न्हाई. नुसतं विचारते, "आज किती?"

बंकट सांगतो, पाच. ट्रकचा काटा तो, पाच-पाच किलोनंच सरकतो, मधलं दाखवत न्हाई. ती फोन ठेवते.

बप्पांनी थुंकून तोंड पुसलं.

या पोळ्याला, तेजू असती तर वर्षाची व्हायला आली असती, तिनं बंकटला विचारलं. परत परत बघितला त्यानं आकडा.

दहा.