कामगारांसाठी, एकेक करून

चेंडू एकोणतीसवर पडला, आणि त्याने चक्क तिचा हात धरला.

म्हणजे... धरला असंही नाही. जिंकलेल्या पैशांच्या, तिने समोर सरकवलेल्या चकत्यांच्या ढिगातून त्याने एक जाड थप्पी उचलली, टेबलावरून वाकला, ती तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटली. हळूच — कोकराला बाटली धरावी तसं.

"हे तुला," तो म्हणाला.

यानिनाचे कान तापले. लाजेने नव्हे, भीतीने. सहा वर्षं ती पुएर्तो अल्बार्दोनच्या या कॅसिनोत रुलेटचं चाक फिरवत होती, आणि सहा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तिच्या हाताला हात लावला नव्हता. चालतच नाही तसं. चाक फिरवणाऱ्यांच्या गणवेशाला खिसे नसतात, बाह्या मनगटाशी घट्ट असतात आणि डोक्यावर टेबलागणिक एक कॅमेरा असतो. मालकांचा एवढा विश्वास!

तिने चकत्या हिरव्या कापडावर सांडल्या, दोन्ही पंजे उघडून कॅमेऱ्याला दाखवले आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "साहेब, इथे 'तुला' असं काही नसतं. बक्षिसी द्यायची असेल तर पेटीत. पेटी सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे?"

"चाक फिरवणारे, भांडी घासणारे, संडास धुणारे. सगळ्यांची."

"मग तुझं काय?"

"मी सगळ्यांतच येते ना, साहेब!"

टेबलाच्या कडेला रोज दुपारी बसणाऱ्या दोन निवृत्त शिक्षिका खुदकन हसल्या. तोही हसला. ओशाळून, खाली बघत.

चाक फिरवणारी माणसं चेहरे बघत नाहीत, हात बघतात. यानिनाने त्याचे हात बघितले होते. बोटांच्या पेरांवर जुने-नवे काप, एक नख अर्धंच — आणि तळहात मात्र लोण्यासारखा मऊ. असा हात एकाच धंद्यात मिळतो. लोकरीतल्या तेलाने मऊ होतो तो. जानेवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा लागला होता, कातरणीचा हंगाम संपला होता, आणि दक्षिणेकडच्या कातरणाऱ्यांच्या टोळ्या हंगामाची मजुरी घेऊन बंदरात उतरल्या होत्या.

"चुकलो," तो म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात 'तुम्ही' आलं. "मी एलिसेओ. मेंढ्या कातरतो. तुमच्या इथली रीत माहीत नव्हती."

यानिनाने सांडलेल्या चकत्या सारख्या केल्या. टेबलाशी उभं असताना खेळाचे चार शब्द सोडून काही बोलायचं नसतं. मघाशी बोलली तेच जास्त झालं होतं. पण नजर... नजरेला गणवेश नसतो. ती एकदा वर गेली, आणि त्याच्या डोळ्यांत अडकून क्षणभर तिथेच राहिली.

तेवढ्यात अत्तराचा भपका आला. मागोमाग मॅनेजर बासुआल्दो.

"अभिनंदन, साहेब! काय नशीब!" तो टाळ्या वाजवत आला. "फक्त एक बारीकशी गोष्ट. एवढी मोठी बक्षिसी पेटीत टाकता येत नाही. नवा नियम आहे. ती ऑफिसात जमा होते, मग ऑफिस ठरवतं."

ऑफिस काय ठरवतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या महिन्यात कोळंबीच्या बोटीवरच्या एका कप्तानाने अशीच मोठी थप्पी दिली होती. ती ऑफिसात गेली, आणि पंधरा दिवसांनी ऑफिसात चामड्याचा नवा कोच आला. बक्षिसी म्हणे! मालक पगार मुद्दाम अर्धा देतात आणि उरलेला अर्धा जिंकणाऱ्याच्या मर्जीवर सोडतात. आणि एवढं करून त्या अर्ध्यावरही यांचाच डोळा!

"बक्षिसी लहान असली तर?" एलिसेओने विचारलं.

"तर पेटीत. अर्थात."

"लहान म्हणजे केवढी?"

"एका वेळी एक चकती. सगळ्यात छोटी." बासुआल्दो गोड हसला.

एलिसेओने मान खाजवली. "असं बघा, आमच्यात एक मेंढी कातरून झाली की मुकादम पत्र्याचा एक बिल्ला हातावर ठेवतो. एक मेंढी, एक बिल्ला. दिवसाला माझे शंभराच्या वर होतात." तो यानिनाकडे वळला. "बाई, ही थप्पी मोडून द्या. सगळ्यात छोट्या. मला एकेक करून कंटाळा येत नाही."

बासुआल्दोचं हसू तोंडावरच वाळलं.

थप्पी मोडल्यावर दोनशे चकत्या झाल्या. एलिसेओने बाह्या सारल्या आणि पहिली पुढे सरकवली.

आता इथली रीत अशी — बक्षिसीची चकती आली की ती पेटीच्या पितळी कडेवर दोनदा ठोकायची आणि मोठ्याने पुकारायचं, "कामगारांसाठी!" मग दालनातल्या बाकीच्या पाच टेबलांवरून उत्तर येतं, "आभारी आहोत!" चकती केवढीही असो, ही रीत चुकवायची नाही.

टक टक. "कामगारांसाठी!"

"आभारी आहोत!"

दुसरी. टक टक. "कामगारांसाठी!"

"आभारी आहोत!"

दहाव्या चकतीला पलीकडच्या टेबलावरची दोन्या ओफेलिया मान उंचावून बघू लागली. तीस वर्षं नोकरी झालेली, सगळ्यांची पुढारी, म्हणून सगळे मानाने 'दोन्या' म्हणत. विसाव्या चकतीला स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं. तिसाव्याला तिथूनही आरोळी आली, "आभारी आहोत!"

आणि चाळिसाव्या चकतीसोबत एलिसेओने प्रश्न सरकवला.

"लग्न झालंय का तुमचं?"

यानिनाने चकती जरा जास्तच जोरात आपटली. "कामगारांसाठी!"

"हे 'नाही' समजू का?"

"कामगारांसाठी!" यावेळी आवाज थोडा मऊ. तिचा तिलाच राग आला.

"झालेलं असतं तर पेटी फुटली असती एव्हाना," एक शिक्षिका दुसरीच्या कानात म्हणाली, पण अख्ख्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"समुद्र आवडतो?"

"कामगारांसाठी."

"मला नाही आवडत. नुसतं पाणी. कातरायला काही नाही त्यात."

यानिनाने ओठ आत ओढून घेतले... हसू दातांखाली धरून ठेवलं. तिने चाक फिरवलं, चेंडू सोडला. एलिसेओ पुढे झुकला. त्याच्या शर्टाला लोकरीचा, धुराचा आणि उन्हाचा वास होता.

"वय विचारलं तर राग येईल?"

चेंडू उड्या मारत मारत थांबला. "सव्वीस, काळा!" तिने पुकारलं.

टेबल हसून फुटलं. यानिनाही हसली. सहा वर्षांत पहिल्यांदा. कॅमेरा बघत होता, बासुआल्दो बघत होता, बघू दे. दोनशे चकत्यांना दीड तास लागला, आणि त्या दीड तासात तिने पुकारलेला एकही "कामगारांसाठी" दुसऱ्यासारखा नव्हता. एक रागाचा होता, एक चिडवणारा, एक नुसताच श्वास. शेवटच्या चकतीला तो हलकेच म्हणाला —

"सहाला सुटता ना? समोरच्या धक्क्यावर थांबतो. यायलाच पाहिजे असं नाही... मी थांबतो."

टक. टक.

"कामगारांसाठी!" तिच्या वतीने दोन्या ओफेलियाच पलीकडून ओरडली.

सहाला पाच कमी असताना तिला वर बोलावणं आलं. बासुआल्दो नव्या कोचावर बसला होता. पुढ्यात कागद.

"बस, यानिना. मी काही राक्षस नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाईक दारू प्यायलेलं होतं आणि तुला त्रास देत होतं, एवढं लिही. शुद्धीत नसलेल्या माणसाची बक्षिसी धरत नाहीत, ती परत ऑफिसात येईल. तुझ्यावर बालंट नाही, नोकरी शाबूत. नाहीतर त्याने तुझा हात धरला आणि तू हसत बसलीस, हे कॅमेऱ्यात आहेच. नियम वाचलायस ना? गिऱ्हाइकाशी संबंध ठेवला की त्याच दिवशी घरी."

यानिनाने पेन घेतलं. सरळ अक्षरात एक ओळ लिहिली आणि कागद फिरवून त्याच्याकडे सरकवला.

'गिऱ्हाईक पूर्ण शुद्धीत होतं. मीही.'

"वेडी झालीस का?" तो उठला. "तुला घालवायला मला दोन मिनिटं लागतील!"

"मग घालवा. पण खोटं मी लिहिणार नाही. तो प्यायला नव्हता, त्याने त्रास दिला नाही, आणि मला... मला छान वाटलं. तेही लिहू का खाली?"

दार न वाजवताच उघडलं. दोन्या ओफेलिया आत आली आणि कोचाच्या हातावर ऐसपैस टेकली.

"मॅनेजरसाहेब, खाली सहाही टेबलं थांबलीत," ती म्हणाली. "मुलं सगळी हात बांधून उभी आहेत. पोरीला घालवताय असं ऐकलं त्यांनी. मी म्हटलं, छे, आपले साहेब असं कसं करतील? विचारून तरी येते."

खालून गिऱ्हाइकांचा गलका वर येत होता. बासुआल्दोने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

"आज जा," तो यानिनाला म्हणाला. "पण ऐकून ठेव. हे गाव केवढं आहे! तो माणूस आमचं गिऱ्हाईक आहे. त्याच्यासोबत साधी कॉफी पिताना दिसलीस, तर ही म्हातारी सोडच, देवही तुला वाचवणार नाही."

"म्हातारी कुणाला म्हणता हो?" दोन्या ओफेलिया म्हणाली.

बाहेर वारा सुटला होता. सहा वाजले तरी ऊन डोक्यावर होतं. धक्क्यावर एलिसेओ टोपी दोन्ही हातांनी धरून उभा होता — वाऱ्यामुळे की घाबरून, कळत नव्हतं.

"सत्तावीस," यानिना जवळ येत म्हणाली. "चेंडूने एक वर्ष कमी सांगितलं."

"अरे! तुम्हाला बोलता येतं!"

"तू म्हण. आणि नीट ऐक, मला जास्त वेळ उभं राहता येणार नाही." आणि तिने सगळं सांगितलं. कागद, कोच, कॉफी. "तू गिऱ्हाईक आहेस तोवर मी तुझ्यासोबत बाकावरही बसू शकत नाही. मला नोकरी पाहिजे, एलिसेओ. ती सोडून तुझ्यामागे येईन असं वाटत असेल तर विसर."

"मी कुठे म्हटलं सोड?" तो रागावलाच. "मीच येणार नाही तिथे."

"आज येणार नाहीस. उद्या म्हणशील, एकोणतीस पुन्हा लागेल. मी रोज बघते ना तुमच्यासारखे." ती थांबली. वाऱ्याने केस तोंडावर आणले... तिने ते हटवले नाहीत. "एक मार्ग आहे. कॅसिनोच्या खिडकीवर एक अर्ज मिळतो. आपणच आपल्यावर बंदी घालून घ्यायची. दोन वर्षं. सरकारी कायदा आहे, कुणाला नाही म्हणता येत नाही. मग तू पाय ठेवलास तरी पहारेकरी बाहेर काढतील. म्हणजे गिऱ्हाईक व्हायचा प्रश्नच नाही."

एलिसेओने कॅसिनोच्या दाराकडे पाहिलं. आज दुपारी त्या दारातून तो आयुष्यात पहिल्यांदा जिंकून बाहेर पडला होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला.

"घाबरलास?"

"घाबरलो. आत्ता कुठे नशीब उघडत होतं."

"मग जा, खेळ." ती वळली.

"अगं, थांब ना!" तो मागून धावला. "घाबरलो म्हटलं. नाही म्हटलं का?"

खिडकीवरच्या मुलीने अर्ज दिला. नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर. एलिसेओ जीभ बाहेर काढून शाळकरी पोरासारखा लिहीत होता. एका रकान्याशी अडला.

"कारण? इथे काय लिहितात?"

"जुगाराची सवय, असंच लिहितात सगळे," मुलगी म्हणाली.

"सवय कुठली? आज तिसऱ्यांदाच आलो." त्याने थोडा विचार केला. मग लिहिलं, सावकाश, अक्षरं दाबून.

मुलीने अर्ज आपल्याकडे फिरवला, वाचला, आणि तिची बोटं तोंडावर गेली. "साहेबांची सही लागते यावर," ती पुटपुटली.

बासुआल्दो आला. अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'मला यानिना आवडते. ती इथे काम करते. मी गिऱ्हाईक राहिलो तर ती माझ्याशी बोलू शकत नाही.'

"हे कारण चालत नाही," तो म्हणाला.

"कायद्यात कुठलं कारण चालत नाही ते लिहिलेलं नाही, साहेब," यानिना म्हणाली. "नियम आपण दोघांनीही वाचलेत."

"आणि त्यात हेही जोडायला सांगा त्याला," ती एलिसेओकडे न बघता पुढे म्हणाली, "की मलाही तो आवडतो. म्हणजे अर्ज पुरा होईल."

एलिसेओच्या हातातलं पेन खाली पडलं.

बासुआल्दोने सही केली. शिक्का एवढ्या जोरात मारला की खिडकीची काच हलली. पहारेकऱ्याने आपलं काम म्हणून एलिसेओच्या दंडाला धरलं आणि त्याला दारापर्यंत पोचवलं. जाता जाता डोळा मारला तो मात्र कामात बसत नव्हता.

दोघं पायरीवर आली. वाऱ्याने एलिसेओची टोपी रस्त्यापलीकडे नेली. तो तिच्यामागे धावायच्या बेतात होता, पण यानिनाने त्याचा दंड पकडला.

"राहू दे. भूक लागलीय मला. काय खाऊ घालतोस?"

"तू म्हणशील ते. कुठे बसायचं? त्या धक्क्यामागे एक खानावळ आहे, आडोशाला..."

"आडोशाला?" तिने कॅसिनोच्या अगदी समोरच्या कॅफेकडे बोट केलं. एवढ्या मोठ्या काचा, की वरच्या ऑफिसातून टेबलावरचं मीठही दिसावं. "तिथे. काचेला लागून."