तळहाताच्या कडेनं

त्या दुपारी मी फक्त आईच्या फोनमधली एक सेटिंग बंद करायला बसले होते. आमचं घर लोम गावात, डॅन्यूब नदीच्या अगदी काठावर. नदीवरून धुकं चढत होतं आणि चुलीवर गहू शिजत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाला, बिसेरला, जाऊन चाळीस दिवस भरणार होते. कबरीपाशी वाटायला साखर घातलेले गहू लागतात.

"हा मेला आपोआप स्क्रीनशॉट काढतो," आई म्हणाली. "सारखं आपलं खटक, खटक."

"आपोआप काही होत नसतं, आई. तूच काहीतरी दाबतेस."

"मी कशाला दाबू? सोफियात शिकलेली तू, तूच बघ!"

आमची मोठी माणसं अशीच. चूक नेहमी यंत्राची, नाहीतर दैवाची. मी चिडूनच सेटिंग उघडली. तळहाताची कड काचेवरून फिरवली की स्क्रीनशॉट निघेल, असं बटण होतं. ते चालू होतं.

मग मी फोटो पाहिले. शेकडो फोटो, सगळे एकसारखे. बिसेरला लावलेला व्हिडिओ कॉल, न उचललेला, आणि त्याच्या प्रोफाइलवरचा हसरा चेहरा. तो मालवाहू बोटीवरून पडला होता. त्याचा देह सापडला, फोन नदीतच राहिला. आई रोज त्या फोनला कॉल लावत होती आणि काचेवरचा त्याचा गाल कुरवाळत होती. फोनला तो हुकूम वाटत होता.

आधीच्या फोटोंत 'कॉल लावत आहे' एवढंच होतं. शेवटच्या काहींत... 'रिंग वाजत आहे'.

"आई, त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल. पुरे कर हे."

"काल वाजला गं..." ती हळूच म्हणाली.

"मेलाय तो!"

तिनं पळी खाली ठेवली. "ओरडू नकोस. बंद करायचंय ना? कर."

मी बटण बंद केलं. तिनं फोन घेतला, कॉल लावला, गालावरून हात फिरवला. खटक झालं नाही. तिनं पुन्हा फिरवला. मग फोन माझ्या हातात देऊन ती चुलीकडे वळली. वाटलं, मी तिचा हातच तोडला.

फाटकावर लावायच्या निधनाच्या कागदासाठी बिसेरचा नवा फोटो हवा होता. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो एकाच सामायिक अल्बममध्ये जातात. तो मी उघडला. सर्वांत वर एक स्क्रीनशॉट होता, नुकताच आलेला. बिसेरच्या फोनवरून.

त्यात पूर्ण काचभर आईचा चेहरा होता. मागे गव्हाची वाफ. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, जिथं कॉल घेणारा स्वतः दिसतो, तिथं नुसतं तपकिरी, हलणारं काहीतरी...

"आई," मी पुटपुटले. ती पाठमोरी गहू ढवळत होती.

मी बघत असतानाच दुसरा फोटो आला. त्यात मी होते. आत्ताची, याच खुर्चीतली. कॉल चालू नव्हता. माझे गाल ओले होते, आणि मी रडतेय हे मला तो फोटो बघून कळलं.

मी गाल पुसला. तो बर्फासारखा गार होता. बोटांना नदीचा बारीक गाळ लागला.