चोवीसशे मीटरची पिशवी

वागळे इस्टेटमधल्या त्या लॅबमध्ये समुद्राचा तळ कापडी पिशव्यांत भरून यायचा. तेलविहीर खणताना वर आलेला दगडाचा चुरा धुऊन, वाळवून, पिशवीवर खोली लिहून रॅकवर ओळीनं मांडलेला असायचा. कुठल्या थरात तेल आहे ते बघणं हे अमृताचं काम. भूगर्भशास्त्रातली एमएस्सी, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहिणारी बाई.

तिचा नवरा राजरत्न समुद्रातल्या तेलाच्या रिगवर वेल्डर होता. दहा महिन्यांपूर्वी वादळात पाण्यात पडला, तो सापडलाच नाही. सासूबाई, भीमाबाई, आता त्याच्या नावानं जलदान विधी करून घेऊ म्हणून मागे लागल्या होत्या. मयत बघितल्याशिवाय कसला विधी, म्हणून अमृता टाळायची. खरं तर तिला त्याचा एक शब्द हवा होता. निघताना दोघांचं भांडण झालेलं, आणि तो न बोलता गेलेला.

त्या शनिवारी शाळेला सुट्टी, सासूबाई कल्याणला लेकीकडे. म्हणून पाच वर्षांच्या मुलीला, प्रीतीला, तिनं खोपटहून रिक्षानं लॅबमध्ये आणलं. पोरगी कशात हात घालेल या धास्तीनं एक डोळा सारखा तिच्यावर. तरी दुपारी बघते तर प्रीती तीनशे मीटरची पिशवी कानाला लावून बसलेली.

"पप्पा आहेत. वरून चिखल पडतोय म्हणतात. बारीक बारीक मेलेलं काहीतरी पण."

अमृतानं ते हसण्यावारी नेलं. मग प्रीतीनं नऊशेची उचलली. आता चिखल छातीवर बसलाय, हवाच येत नाही, म्हणून काही कुजतसुद्धा नाही, असं ती सहज सांगू लागली.

समुद्रातले जीव मरून तळाशी बसतात, गाळाखाली हवेवाचून कुजायचे राहतात, खाली खाली जाताना तापतात आणि कोट्यवधी वर्षांनी त्यांचं तेल होतं, हे अमृतानं लेकीला कधीच सांगितलेलं नव्हतं. रॅकवरची पुढची पिशवी म्हणजे आणखी काही लाख वर्षं.

तिथंच थांबायला हवं होतं. तिला थांबवेना.

"विचार, माझ्यावर रागावलेत का?"

प्रीतीनं अठराशेची कानाला लावली. "खूप गरम होतंय म्हणतात. राग कसला ते आठवत नाही."

अमृतानं घाईघाईनं तीनशेची पुन्हा तिच्या हातात दिली. प्रीतीनं ऐकलं, हलवून पुन्हा ऐकलं. "इथून गेले."

नऊशेतूनही गेलेले.

अमृतानं चोवीसशेची काढली. याच थरात तेल होतं. तपासायच्या अतिनील दिव्याखाली हा चुरा सोनेरी चमकलेला.

प्रीती ऐकता ऐकता सावरून बसली, परक्या माणसासमोर बसते तशी. मग तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. सिनियर केजीत आहे, तेही.

"नाव कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं."

"माझं सांग."

"सांगितलं. कोण अमृता, म्हणतात."

अमृतानं पिशवी ओढून स्वतःच्या कानाला लावली. काही ऐकू आलं नाही.

पण एसीच्या गारठ्यातही कापड कोमट होतं. नुकत्याच अंगातून काढलेल्या शर्टासारखं.

तिनं पिशवी लेकीच्या मांडीवर ठेवली आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, उद्या रविवार आहे. जलदान करून घेऊ या."

पलीकडे भीमाबाई रडू लागल्या.

पिशवी कानाला धरूनच प्रीतीनं तिची ओढणी ओढली.

"मम्मी, हळू बोल ना. ते विचारतायत, कोण वारलं."