आतून लावलेली पुट्टी

उद्या पहाटे निघायचंय ना तळं बघायला? मग झोपा की. नाही? बरं, ऐका. तो दिवा बारीक करा, माझे उरलेले दात दिसतात.

माझा साडू काचा बसवतो. जेवतानाही पेंगतो, तोच. चौथीत तो एकदा नापास, मी दोनदा, म्हणून मला जास्त येतं. ही गोष्ट मात्र त्याची.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. तुम्ही निघालात त्याच तळ्याकाठच्या लॉजवर त्याला बोलावलं होतं. चहूकडे डोंगर, मधे पाणी, अगदी कॅलेंडरावरचं गाव. साडूला त्यातलं काही दिसलं नाही. पाठीला काच बांधलेली आणि बस घाटात बंद पडलेली. पोचेपर्यंत अंधार.

लॉजवालीचे डोळे खोल गेलेले. पाण्यावरच्या खोलीत एका खिडकीला काच नव्हती.

"दोन वर्षं झाली भाऊ," ती म्हणाली, "आमचे मालक होडी घेऊन गेले, ते बुडालेच. आता रोज अंधार पडताच या खिडकीतून आत येतात. रात्रभर फेऱ्या. उजाडलं की जातात. मी भिंतीपलीकडे जागी. एक रात्र झोपू दे मला."

"त्रास देतात?"

"छे. गरीब माणूस. होडीच्या साखळीत हाताचा अर्धा अंगठा तुटला, तरी ओरडले नव्हते. पण नीट ऐक. काच उजाडल्यावर लाव, ते गेल्यावर. पुट्टी बाहेरून, होडीत बसून. रात्री आतून लावलीस तर ते आतच कोंडतील. तुझी खाट माळ्यावर घातलीये."

"हो वहिनी," साडू म्हणाला. त्याचं 'हो' म्हणजे काय, ते माझ्या मेव्हणीला विचारा.

ती झोपायला गेली. साडूनं जिन्याकडे बघितलं. मग खोलीतल्या खाटेकडे बघितलं. पहाटेच्या गारठ्यात होडीत कोण बसणार? त्यानं तिथंच काच बसवली. आतून पुट्टी फिरवली. कोपऱ्यात नेहमीसारखा अंगठा दाबला, ती त्याची सही. दिवा मालवला आणि आडवा झाला.

डोळा लागतोय तोच पाठीमागून कुणीतरी म्हणालं,

"सरक जरा."

साडू सरकला. सवय हो. घरी रोज हेच ऐकतो.

मग आठवलं... बायको घरी आहे.

पाठ ओली झाली. गार.

"थकलो रे," पाठीमागचा म्हणाला.

साडूनं डोळे घट्ट मिटले...



उजाडायच्या आधी खाट हलकी झाली. पावलं खिडकीपाशी गेली. थांबली. काचेच्या कडेनं बोट फिरलं. चारी बाजूंनी. सावकाश. पुन्हा एकदा...

मग पावलं परत आली.

पाठ पुन्हा ओली.

का रे पोरा, पाय पांघरुणात का ओढलेस? थंडी वाजतेय म्हणे. बरं.

ऊन वर आलं तेव्हा लॉजवाली चहा घेऊन आली. गालावर उशीचे वळ, केस विस्कटलेले. दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"भाऊ, दोन वर्षांत अशी झोपले नव्हते. पाऊलसुद्धा ऐकू आलं नाही." तिनं खिडकीकडे बघितलं. "बाहेरूनच लावलीस ना?"

साडूनं तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग कप तोंडाला लावला.

"हो वहिनी. बाहेरूनच."

तुमच्यासाठी मी तीच खोली सांगून ठेवलीये. पाण्यावरची आहे, नशीब लागतं. एकानं भिंतीकडे सरकून झोपा, म्हणजे झालं.

हत्यारं उचलताना साडूची नजर खिडकीच्या कोपऱ्यात गेली. पुट्टीत त्याच्या अंगठ्याचा ठसा होता. त्याच्या शेजारी आणखी एक. अर्धाच...

आणि त्या खळग्यात थेंबभर पाणी.