मधल्या पट्ट्यातली घाण

कानसेनला घाण सहन होत नसे. हा त्याचा स्वभाव आणि हाच त्याचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत बसून तो ड्रमचे ठोके रेकॉर्ड करी, ते धुऊन-पुसून लखलखीत करी आणि गाणी बनवणाऱ्यांना विके. गळ्यात सूर नव्हता, म्हणून बायको म्हणायची, "आमचे हे तानसेन नाहीत, कानसेन आहेत!" आणि तेच नाव सगळीकडे रुळलं.

त्याचं धुणं म्हणजे ईक्यू, कॉम्प्युटरवरचा इक्वलायझर. पडद्यावर एक आडवी रेघ, डावीकडे खर्ज, उजवीकडे टिपेचे आवाज. रेघेला एका जागी टोक काढून उंच उचलायचं आणि ते टोक हळूहळू सरकवत न्यायचं. जिथे आवाज किळसवाणा होतो तिथे घाण. मग नेमकी तिथेच रेघ खाली दाबायची. ठोका साफ होऊन सेव्ह झाला, की कानसेन मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकी. बाकीचे लोक ते जपून ठेवतात. याला ते उष्टं ताट घरात ठेवल्यासारखं वाटे.

अशा माणसाच्या वाट्याला बापाचा कफ आला.

न्यूमोनियातून उठलेले बाबा शेजारच्या खोलीत होते. बायको दिवसभर कामावर, त्यामुळे बाबांचं सगळं कानसेनच्या गळ्यात. फिजिओबाईंनी शिकवलं होतं, तळहात खोलगट करायचा आणि पाठीवर खालून वर थापट्या मारत जायचं. "घाण सुटून बाहेर आली पाहिजे," त्या म्हणत. ती सुटायची. बाबा तसराळ्यात थुंकायचे. पिवळट, बुळबुळीत, ओठापासून भांड्यापर्यंत तार धरणारं. कानसेन श्वास रोखून ते ओतून यायचा आणि कोपरापर्यंत हात घासायचा. बाबांच्या नजरेतून ते सुटत नसे.

"बाळ्या, तुला नाही ना जमत? राहू दे रे," ते म्हणायचे. आवाज असा भरदार, की कपाटाची काच थरथरावी.

"जमतंय हो," तो म्हणायचा, आणि दाराबाहेर जाऊन उमासे आवरत उभा राहायचा.

एकदा थापट्या मारता मारता त्याचे कान टवकारले. धप्प. इतका खोल, गोल ठोका त्याला कुठल्याच ड्रममधून मिळाला नव्हता. त्याने माइक आणून बाबांच्या पाठीशी लावला.

"आता बापालाही वाजवणार का?" बाबा हसले आणि हसता हसता खोकले.

मागच्या खोलीत त्याने रेघेचं टोक उचलून सरकवायला घेतलं. मधल्या पट्ट्यात पोचताच स्पीकरमधून घुळघुळ आली. चिखलात रुतलेला पाय उपसावा तशी, पण कोमट. "ई!" कानसेन एकटाच ओरडला आणि त्याने रेघ दाबली. धप्प. ठोका स्वच्छ झाला.

शेजारच्या खोलीतला खोकला त्याच क्षणी थांबला.

तेव्हा त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. पण संध्याकाळी तसराळं कोरडं राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. फिजिओबाईंनी नळी लावून ऐकलं.

"छाती मोकळी झाली की! किती पडला कफ?"

"काहीच नाही."

"मग गेला कुठे?"

कानसेनला दाबलेली रेघ आठवली, आणि त्याच क्षणी थांबलेला खोकला. तरी तो खात्री केल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याने दाबलेली रेघ सोडून पाहिली. भिंतीपलीकडे बाबांना खोकल्याची उबळ आली. रेघ दाबली, उबळ गेली. पुन्हा सोडली, पुन्हा दाबली. अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर आनंद जास्त झाला. आता त्या तारांना कधी हात लावायला नको! मग काय, आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. थोडी घरघर उरली होती, तीही त्याने दाबली. आजूबाजूचंही दाबलं. मग ठोका सेव्ह केला आणि सवयीने मूळ रेकॉर्डिंग उडवलं.

त्या दुपारी त्याला डाव्या स्पीकरच्या काळ्या पडद्यावर ओल दिसली. बोट लावलं, तर बोटाबरोबर तार आली. वास ओळखीचा होता, शिळा आणि गोडसर. त्याने फडक्याने ते पुसलं, फडकं बेसिनमध्ये चोळून चोळून धुतलं, वर गरम पाणी सोडलं आणि सगळं जाळीतून जाऊ दिलं.

"अहो, बाबांचा आवाज बसलाय का?" जेवताना बायकोने विचारलं.

आवाज बसला नव्हता, विरत चालला होता. आधी पोकळ झाला, मग नुसता फुसफुसाट उरला. मग ओठच हलू लागले. नखं निळसर दिसायला लागली.

"छाती अगदी स्वच्छ आहे," फिजिओबाई नळी काढत म्हणाल्या. "पण भरतच नाहीये हो. डॉक्टरांना बोलवा, आजच."

डॉक्टरांना फोन करून बायको त्यांना आणायला गेली. कानसेन मागच्या खोलीत धावला. मूळ रेकॉर्डिंग नव्हतं. साफ ठोक्याचा मधला पट्टा त्याने जाईल तितका वर नेला. काहीच आलं नाही. कापलेलं उचलून परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

स्पीकर मात्र पाझरत होता. त्याने वायर काढली तरी पाझरत राहिला. त्याने खाली तसराळं ठेवलं. ते भरलं.

वर एक बुडबुडा आला आणि फुटला. त्यातून बाबा हसले. कपाटाची काच थरथरली.

तसराळं हात लांब धरून तो बेसिनकडे निघाला. बाबांच्या दारावरून जाताना त्यांनी हात उचलला. बोट तसराळ्याकडे दाखवलं. मग स्वतःच्या तोंडाकडे.

"नाही हो, बाबा."

बाबांनी औषधाला करतात तसा आ केला आणि वाट पाहत राहिले.

कानसेनने चमचा घेतला. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही.

पहिल्या घोटाला छाती हलली. तार हनुवटीवर आली, ती त्याने चमच्याने निपटून पुन्हा तोंडात दिली. स्वतःच्या घशाशी आलेलं त्याने गिळलं. नखं गुलाबी होत गेली. तसराळं त्याने बोटाने पुसून काढलं, तेही दिलं.

बाबांनी खोल श्वास घेतला. मग खोकले, दणदणीत. कानसेन रडायलाच लागला.

"फार उपकार झाले," बाबा त्याच भरदार आवाजात म्हणाले आणि त्याच्याकडे निरखून पाहू लागले. "पण आपण कोण?"

"बाबा, मी आहे."

"असेल, असेल," बाबा अदबीने म्हणाले. "मला नाव आठवत नाही."

बाहेर बायको आणि डॉक्टर जिना चढत होते. कानसेनचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. तो बेसिनपाशी गेला आणि त्याने नळाला हात घातला.

खालच्या जाळीतून, पार आतून, हाक आली.

"बाळ्या."