इतकं गोड नको बोलूस

नाटकाच्या तालमीला उशीर झाला होता. मी वाचनालयाच्या वरच्या हॉलचा जिना धावत चढत होते आणि वरून एक खुर्ची खाली येत होती. खुर्चीखाली माणूस आहे, हे धडक बसल्यावरच कळलं.

"डोळे फुटलेत का?" मी ओरडले.

"तुमचे फुटले असतील तर दुकानात या... चष्मा स्वस्तात लावून देतो."

तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर "कृपया थांबा" म्हणून माझी जीभ इतकी शिणायची, की संध्याकाळी भांडायला कुणीतरी लागायचंच. तो आयता सापडला. आठवड्याभरात तो माझ्या कपातला चहा पळवू लागला आणि मी त्याला 'भिंगवाला' म्हणू लागले. काय दिवस होते ते!

नाटक जुनं, विनोदी. त्यात आम्ही हाडवैरी शेजारी, पण बोलणं मात्र, "आपण पायधूळ झाडलीत, घर धन्य झालं!" मला हसू फुटायचं. तालीममास्तर डाफरायचे, "अगं, ही जुनी माणसं शिव्या देत नाहीत. राग जेवढा मोठा, तेवढं खाली वाकतात."

एकदा आत्या मला न्यायला आली आणि आमच्या हिचं लग्न ठरतंय, असं सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली. मुलगा तिनेच शोधला होता. मला धड विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भिंगवाल्याने रुमालाने खुर्ची पुसली. "बसावं. चहा आणू का आपल्यासाठी?"

इतका रागावलाय हा? की आता परकीच झाले मी? त्या दिवशी माझा चहा कुणी पळवला नाही. कपातच गार झाला.

तालीम संपल्यावर मी त्याला खिडकीपाशी गाठलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता.

"हा काय सभ्यपणा चाललाय?"

"आपल्या सुखाच्या आड येऊ नये, एवढीच—"

"कसलं सुख? मी अजून होकार दिलेला नाही. आज आत्याला उत्तर द्यायचंय... काय सांगू?"

"आपल्याला योग्य वाटेल ते..."

"आता आणखी एक गोड शब्द बोललास ना, तर खरंच हो म्हणून टाकीन!"

तो बोटांनी रुमाल चुरगाळत राहिला. मग एकदम म्हणाला, "नाही म्हण. मला तू हवी आहेस. बास!"

इतकं उर्मट आणि इतकं सुंदर मला आजवर कुणी काही बोललं नाही.

मी पावसातच घरी पळाले. आत्या दारातच उभी होती.

"माझं उत्तर 'नाही' आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"का गं? तुझं दुसरीकडे कुठे...? कोण आहे तो?"

एरवी तालमीत शंभरदा चिडून घेतलेलं त्याचं नाव... त्या संध्याकाळी काही केल्या तोंडातून फुटेना.