दोन दाबलं कोणी?

"सिस्टर, त्या पहिल्या तपासणीनंतर तीन महिन्यांत मामंजींना एकदाही का बोलावलं नाही?" गवंडीकाकांची सून फोनवर ओरडत होती. "अंग सुजलंय, लघवी बंद झालीय. दवाखान्यात पडल्या पडल्या सारखं तेच विचारतायत."

"ती नवी गोळी बंद करा. आत्ता!" सिस्टर म्हणाल्या.

नव्या औषधाची चाचणी चालू होती. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम दिलेल्या, पण पहिल्या आठवड्यात एकदा आणि मग दर महिन्याला रक्त तपासायचंच. दर महिन्याच्या तपासणीच्या आदल्या दिवशी यंत्र आपणहून रुग्णाला फोन करी. त्यात आवाज सिस्टरांचा, एकदाच भरून ठेवलेला. येणार असाल तर एक दाबा, पुढची तारीख हवी तर दोन.

काकांच्या नावापुढे तीनदा दोन होतं.

"हे फोन कुठे गेले?" सिस्टरांनी संगणकवाल्याला विचारलं.

"पहिल्याच महिन्यात, बारा तारखेला काकांचा नंबर बदललाय."

"कोणी?"

तो चाचरला. "तुमच्या पासवर्डने, सिस्टर."

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली चिकटवलेली होती, आणि घाईत कुणाचं अडू नये म्हणून अख्ख्या विभागाला ती ठाऊक होती. हा शहाणपणा त्यांचाच. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली.

"हे कुणाला बोलू नकोस. मी सांगेन तेव्हा यंत्रातून काकांच्या नावाने फोन लाव."

मग त्या प्रयोगशाळेत गेल्या. वहीत त्याच बारा तारखेला काकांचा पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट बंद पाकिटात दिल्याची नोंद होती. खाली चाचणीच्या प्रमुख डॉक्टरांची सही. सिस्टरांनी रिपोर्टची प्रत मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली आणि तडक डॉक्टरांची खोली गाठली.

"गवंडीकाका अत्यवस्थ आहेत."

"रुग्णच टाळतो, त्याला आपण काय करणार?" डॉक्टर खुर्चीत रेलले. "आणि जपून बोला. नंबर तुमच्या पासवर्डने बदललाय."

"नंबराचं नाव मी अजून तोंडातून काढलेलंच नाही."

रेललेले डॉक्टर ताठ झाले.

"हा काकांचा पहिला रिपोर्ट. मूत्रपिंडं तेव्हाच बिघडायला लागली होती. तुम्ही तो दाबलात. ते पुन्हा आले असते तर त्यांच्या रक्ताने तुमच्या औषधाचं पितळ उघडं पाडलं असतं. रुग्णाने स्वतः तारीख पुढे ढकलली की औषधावर ठपका येत नाही, म्हणून दर वेळी दोन दाबलंत. भिंती बांधणारा धडधाकट माणूस होता हो तो! लाज नाही वाटली?"

"पुरावा आहे?"

सिस्टरांनी दाराकडे पाहून मान हलवली. दारात लॅपटॉप घेऊन उभ्या असलेल्या संगणकवाल्याने यंत्राचं बटण दाबलं.

टेबलाच्या खणात फोन वाजला. डॉक्टरांनी हात घालण्याआधी सिस्टरांनी खण ओढला, फोन उचलला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार काका, उद्या तपासणीला नक्की या हं," त्यांचाच मायाळू आवाज म्हणाला. "मी वाट बघते."

सिस्टरांनी फोन संगणकवाल्याच्या हातात ठेवला. "हा पोलीस येईपर्यंत सोडू नकोस."

"तुम्ही कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"काकांना सांगायला, की मी बोलावलं होतं."